बीएल आणि भुतेखेते : चालू आशियाई मालिकांची प्रस्तावना

बीएल म्हणजे बॉइज लव्ह. दोन तरुण पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट सांगणारा हा कथाप्रकार जपानी कॉमिक्समधून आला आणि तो मुख्यतः स्त्रियांनी स्त्री-वाचकांसाठी घडवला. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याने टीव्हीवर चांगलेच बस्तान बसवले आहे. थायलंड हे त्याचे आजचे मुख्य केंद्र. जपान, तैवान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्समध्येही अशा मालिका नियमित तयार होतात. चीनमध्ये हा प्रकार प्रचंड वाचला जातो, पण पडद्यावर उघडपणे दाखवता येत नाही. या मालिकांमधला एक मोठा गट अद्भुताचा आहे. कुणी मागच्या जन्मीचा प्रियकर शोधत असतो, कुणी स्वतःच्याच थडग्यावर वर्षानुवर्षे बसून असतो, तर कुणाला स्पर्श होताच समोरच्याच्या मनातले ऐकू येते. प्रेमकथेत भूत कशाला, असे नवख्या प्रेक्षकाला वाटते. प्रत्येक देशात याचे कारण वेगळे आहे. ते कळले, तर सध्या चालू असलेली मालिका कोणत्या वाटेने जाणार याचा अंदाज तिसऱ्या-चौथ्या भागातच येऊ लागतो.

या प्रकाराचे मूळ १९७० च्या दशकातल्या जपानी मुलींच्या मासिकांत आहे. मोतो हागिओ यांची 'तोमा नो शिंझो' १९७४ मध्ये, तर केइको ताकेमिया यांची 'काझे तो की नो उता' १९७६ मध्ये सुरू झाली. दोन्ही कथा युरोपातल्या मुलांच्या निवासी शाळांत घडतात. मुलगा-मुलगी अशी जोडी घेतली की कोणी पुढाकार घ्यायचा, कोणी लाजायचे, लग्नानंतर कोणी घर सांभाळायचे हे सगळे आधीच ठरून जाई. दोन्ही पात्रे मुलगेच ठेवल्यावर लेखिकांना त्या साच्यातून सुटता आले. १९७८ मध्ये या कथांना वाहिलेले 'जून' हे मासिक निघाले आणि पुढे नव्वदच्या दशकात बीएल हे व्यापारी नाव रूढ झाले. हागिओंची कथा एका मुलाच्या मृत्यूने सुरू होते आणि मग हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा दुसरा मुलगा शाळेत येतो. मेलेल्याची सावली या प्रकारावर पहिल्यापासून आहे. भूत त्यात टीव्हीवाल्यांनी घातलेले नाही.

बीएल आणि समलिंगी जीवनावरचे साहित्य यांत घोटाळा होऊ देऊ नये. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी किंवा विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक त्या माणसांच्या वाट्याला आलेले जगणे सांगू पाहते. बीएलचा पिंड रोमान्सचा आहे. त्यात कल्पनेतली जोडी असते, तिच्या वाटेत अडथळे येतात आणि बहुतेक वेळा शेवट गोड होतो. अलीकडे या दोहोंमधले अंतर कमी झाले असले, तरी बीएलवर 'हे खरे नाही' असा आक्षेप घेण्याआधी तो खरेपणाचा दावा कितपत करतो, हे पाहायला हवे.

थायलंडमध्ये ही लाट इंटरनेटवरच्या कादंबऱ्यांमधून उठली. शाळकरी आणि कॉलेजवयीन लेखिका साइटवर प्रकरणे टाकत आणि वाचक मागणी करून पुढचे प्रकरण लिहून घेत. अशाच एका कादंबरीवरून २०१४ मध्ये 'लव्ह सिक' ही मालिका आली. २०१६ मध्ये 'सोटस' आली आणि तिने पुढच्या कित्येक मालिकांचा साचा ठरवून टाकला. इंजिनिअरिंगची विद्याशाखा, पहिल्या वर्षाच्या मुलांवर दादागिरी करणारे सीनियर, त्यांच्यासमोर न झुकणारा कोंगपोब आणि वरून कडक पण आतून मऊ असा आर्थित. रॅगिंगचा विषय महाराष्ट्रातल्या कॉलेजांना अपरिचित नसल्याने मराठी प्रेक्षकाला ही मालिका समजावून सांगावी लागत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत 'टुगेदर' सुरू झाली आणि ती चालू असतानाच जग घरात कोंडले गेले. ब्राइट आणि विन या तिच्या दोन नटांचे चाहते त्या काही आठवड्यांत फिलिपिन्सपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत पसरले. फिलिपिन्समध्ये त्याच वर्षी मे महिन्यात 'गेमबॉइज' आली. ती लॉकडाउनमध्येच, व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर घडते आणि यूट्यूबवर फुकट दाखवली गेली.

थाय उद्योगात मालिकेइतकीच जोडीचीही विक्री होते. एकत्र काम केलेले दोन नट पुढच्या मालिकेतही एकत्र येतात. जाहिराती, गाणी, परदेशातले फॅन मीट हे सगळे जोडीनेच होते. प्रेक्षक त्यांची पडद्याबाहेरही जोडी लावू पाहतात आणि निर्मात्या कंपन्या या कल्पनेला खतपाणी घालतात. त्यातून नटांच्या खासगी आयुष्यावर ताण येतो आणि एखाद्याला मैत्रीण असल्याचे कळले की चाहत्यांचा संताप उसळतो. या व्यवहाराचा हा सर्वांत ओंगळ भाग आहे. चालू मालिका पाहणाऱ्याला मात्र या पद्धतीचा एक उपयोग होतो. जोडी कोणती, कंपनी कोणती आणि दिग्दर्शक कोण एवढे कळले की मालिकेचा पोत बराचसा कळतो. दिग्दर्शक ऑफ नोपार्नाच चाइविमोल यांचेच पाहा. 'हीज कमिंग टू मी' (२०१९), 'अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स' (२०२१) आणि २०२१ च्या अखेरीस सुरू झालेली 'बॅड बडी' या त्यांच्या मालिका ओळीने पाहिल्या, तर एकाच माणसाचा हात ओळखू येतो. ते घाई करत नाहीत, आईवडिलांना खलनायक न करता माणसे म्हणून उभे करतात आणि प्रेमाची कबुली देण्याआधी पात्रांना भरपूर वेळ देतात.

चालू मालिका पाहणे हा एक वेगळाच उद्योग आहे. मराठी प्रेक्षकाच्या ओळखीची मालिका सोमवार ते शनिवार चालते आणि ती कधी संपणार हे वाहिनीलाही ठाऊक नसते. थाय मालिका आठवड्याला एक भाग दाखवते आणि साधारण आठ ते सोळा भागांत संपते. संध्याकाळच्या मुख्य वेळेतला भाग तिथे साडेआठला लागतो, तेव्हा भारतात सात वाजलेले असतात, कारण थायलंडचे घड्याळ दीड तास पुढे आहे. मोठ्या कंपन्या भाग यूट्यूबवरही टाकतात, पण सलग टाकत नाहीत. एका भागाचे चार तुकडे होतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे चौकटी कंसात १/४, २/४ असे लिहिलेले असते. तुकडा नेमका नायक दार उघडतो त्या क्षणी संपतो. इंग्रजी सबटायटल्स कधी लगेच येतात, कधी काही वेळाने, आणि तेवढ्या वेळात एक्सवर भागाच्या हॅशटॅगखाली शेवटचे दृश्य फिरू लागलेले असते. पोस्टरवर २५६८ असा आकडा दिसला तर दचकू नये. तो बुद्धाब्द आहे. त्यातून ५४३ वजा केले की २०२५ निघते.

एकाच भागाच्या बहुधा दोन आवृत्त्या असतात. टीव्हीसाठी कापलेली एक आणि पैसे भरून पाहायची, न कापलेली दुसरी. दोन्हींत कधीकधी चुंबनांखेरीज संवादही वेगळे असतात, म्हणून दोन प्रेक्षक एकाच भागावर वाद घालताना वेगवेगळ्या भागांबद्दल बोलत असल्याचे दिसते. जाहिरातींचेही एक तंत्र आहे. थाय मालिका जाहिरात कथेतच घालतात. आत्म्याने पछाडलेला मित्र शुद्धीवर येतो आणि दुसरा मित्र त्याच्यापुढे चिप्सचे पाकीट धरून, लेबल कॅमेऱ्याकडे वळवून, चवीची तारीफ करतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा विनोद वाटतो, चौथ्या मालिकेपर्यंत सवय होते. निर्मितीचा खर्च यातूनच भागतो आणि पाहणाऱ्याला भाग फुकट मिळतो, तोही यामुळेच.

जपानचे वेळापत्रक आणखी मजेशीर आहे. तिथे मालिका वर्षाच्या चार हंगामांत, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि दहा-बारा भागांत हंगामाबरोबरच संपतात. बीएलला बहुधा मध्यरात्रीनंतरची वेळ मिळते आणि ती २५ वाजता अशी छापतात. टीव्ही टोकियोच्या गुरुवारच्या २५ वाजता म्हणजे तिथल्या शुक्रवारच्या पहाटे एक वाजता. जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने पुण्यात तेव्हा गुरुवारचेच साडेनऊ झालेले असतात. कोरियन बीएल बहुधा आठ-दहा छोट्या भागांची वेब-मालिका असते. २०२० ची 'व्हेअर युअर आइज लिंगर' ही तिथली पहिली म्हणून गणली जाते, तर २०२२ च्या 'सिमँटिक एरर'ने हा प्रकार तिथे चर्चेत आणला. चिनी मंचांवर आठवड्यातून अनेक भाग येतात आणि पैसे भरणाऱ्याला ते आधी दिसतात.

भारतातून पाहणाऱ्याची अडचण वेगळीच आहे. टेन्सेंट या चिनी कंपनीच्या वीटीव्ही या ॲपवर नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातली. ज्या थाय मालिकांचे परदेशी हक्क त्या मंचाकडे होते, त्या इथल्या प्रेक्षकाच्या हातून गेल्या. थायलंडमधला लाइन टीव्ही २०२१ च्या अखेरीस बंद झाला आणि तिथे पहिल्यांदा आलेल्या बऱ्याच मालिकांना दुसरे घर शोधावे लागले. तैवानचा गागाऊलाला, कोरियन मालिकांसाठी ओळखला जाणारा विकी, आयचीयी आणि नेटफ्लिक्स यांच्यात हक्क विखुरलेले असतात. त्यामुळे मालिका सुरू होण्याआधी ती भारतात कोण दाखवणार हे पाहून ठेवणे हा छंदाचाच एक भाग होऊन बसतो. वर्षअखेरीला थाय कंपन्या पुढच्या वर्षाच्या मालिकांची घोषणा करतात आणि झलकही दाखवतात. ती झलक चित्रीकरणाआधीच कच्ची बनवलेली असते. नट बदलतात, कथा बदलते, काही मालिका वर्ष-दोन वर्षे लांबतात. त्या झलकेवर भिस्त ठेवू नये.

आता भुतांकडे वळता येईल. थायलंडमध्ये भूत ही परकी गोष्ट नाही. घराच्या आवारात वास्तुदेवतेचे छोटे देऊळ असते आणि त्यापुढे रोज फुले, पाणी आणि लाल सरबत ठेवतात. तिथली सर्वांत लाडकी भूतकथाही प्रेमकथाच आहे. नवरा युद्धावर असताना बाळंतपणात मेलेली नाक नावाची स्त्री त्याची वाट पाहत घरीच राहते, तो परततो आणि तिच्याबरोबर संसार करू लागतो. बँकॉकच्या वाट महाबूत या देवळात तिचे ठाणे आहे आणि लोक तिथे नवस बोलायला जातात. त्यामुळे मेलेल्याने जिवंतावर प्रेम करावे हे थाय प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. बीएलने फक्त जोडी बदलली.

'हीज कमिंग टू मी' या आठ भागांच्या मालिकेत हा वारसा सर्वांत नीट वापरला आहे. चिनी वंशाची थाय कुटुंबे एप्रिलमध्ये चेंगमेंगला पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, ती झाडून-पुसून घेतात आणि अन्न ठेवतात. लहानगा थुन असाच वडिलांच्या थडग्यावर येतो. शेजारच्या थडग्यावर मेस बसलेला असतो. तो तरुणपणी मेला आहे, कसा ते त्यालाही आठवत नाही आणि त्याच्यासाठी उदबत्ती लावायला कुणीही येत नाही. थुनला तो दिसतो. दरवर्षी थुन त्याच्यासाठीही काहीतरी आणतो, मोठा होतो, आणि मेसचे वय मात्र तेवढेच राहते. पुढे थुन आईला स्वतःबद्दलचे सत्य सांगतो, तो प्रसंग या प्रकारातला एक उत्तम प्रसंग आहे. आईला न दिसणाऱ्या माणसावर मुलाचे प्रेम आहे, ही अवस्था इथे शब्दशः खरी आहे, आणि नेमके म्हणूनच दिग्दर्शकाला ती अधोरेखित करावी लागत नाही.

पुनर्जन्माचा उपयोग आणखी सरळ आहे. २०१९ मध्येच आलेल्या 'अंटिल वुई मीट अगेन'मध्ये सुमारे तीस वर्षांपूर्वीचे कॉर्न आणि इन हे दोन विद्यार्थी घरच्यांच्या विरोधामुळे जीव देतात. आजच्या काळात डीन आणि फार्म भेटतात. एक पोहण्याच्या क्लबचा प्रमुख, दुसरा थाय मिठाया करण्यात रमणारा लाजरा मुलगा. दोघांनाही कुणाचा तरी शोध आहे आणि फार्मला कारण नसताना रडू येते. प्रेम तेच आहे, मधली तीस वर्षे बदलली आहेत. जे आजी-आजोबांच्या पिढीने नाकारले ते त्यांच्याच वंशजांसमोर पुन्हा उभे राहते, आणि या वेळी त्यांना वेगळे उत्तर देता येते. २३ जानेवारी २०२५ रोजी थायलंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला. आग्नेय आशियातला तो पहिलाच. हा कायदा मालिकांनी आणला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची लढाई होती. पण तो येण्याआधी काही वर्षे टीव्हीवरच्या पुनर्जन्मांनी तोच प्रश्न घराघरांत विचारला होता, हेही खरे.

'आय फील यू लिंगर इन द एअर' (२०२३) उलट दिशेने जाते. आजचा वास्तुरचनाकार जोम चिआंग माईत नदीत बुडतो आणि १९२० च्या दशकात, ज्या जुन्या वाड्याच्या डागडुजीचे काम तो करत होता त्याच वाड्यात नोकर म्हणून पोहोचतो. उत्तर थायलंडचे कपडे, बोली, जेवण यांची मेहनत तिच्यात दिसते. मागे गेलेल्या माणसाला आपल्या काळातले स्वातंत्र्य किती नवे आहे याची जाणीव होते, पण मालिका ती भाषणातून सांगत नाही.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटेल ती 'द साइन'. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ही पोलीस-तपासाची मालिका. तपास करणाऱ्या दोघांपैकी एक मागच्या जन्मी नाग होता, दुसरा गरुड. महाभारताच्या आदिपर्वातली कद्रू-विनतेची गोष्ट ज्याने ऐकली आहे, त्याला हे वैर कुठून आले ते सांगायला नको. मात्र थायलंडमध्ये ती केवळ पुराणकथा राहिलेली नाही. गरुड हे तिथले राजचिन्ह आहे, सरकारी कागदांवर तो असतो. मेकाँग नदीकाठच्या ईशान्य भागात नागाची पूजा आजही जोरात चालते, आणि वर्षावास संपताना नदीतून वर उडणारे आगीचे गोळे नागच सोडतो, असे मानून ते पाहायला नोंग खाईला गर्दी लोटते. शत्रुकुळातले दोन प्रेमी हा जुनाच विषय, पण इथे कुळे अशी आहेत की त्यांच्या वैरावर प्रेक्षकाचा मनापासून विश्वास बसतो. संगणकी दृश्ये मधूनमधून तोकडी पडतात. तेवढे सोडून द्यावे.

२०२५ मध्ये आलेल्या 'खेमजिरा'त हा धागा खेड्यात जातो. नायकाच्या घराण्याला शाप आहे, पुरुष तरुणपणीच मरतात. म्हणून आईने त्याला मुलीचे नाव ठेवले आहे, म्हणजे मागावरचे भूत फसेल. मुले जगत नाहीत म्हणून धोंडू, दगडू, भिकू अशी नावे ठेवणाऱ्या घरांची आठवण असलेल्या मराठी प्रेक्षकाला या नावामागची भीती लगेच कळते. पुढे तो ईशान्येतल्या एका मांत्रिकाच्या आश्रयाला जातो आणि कथा मंत्र, दोरे, विधी यांच्यात शिरते. कॉलेजच्या मैदानावरून बीएल इतके दूर आले आहे, ही चांगली गोष्ट आहे. रक्तपिपासू व्हॅम्पायरांच्या थाय मालिकाही अलीकडे निघू लागल्या आहेत. पण परदेशी साच्यातले हे भूत तिथल्या मातीतल्या भुताइतके भिववत नाही.

तैवानमध्ये अद्भुताचा सूर हलका असतो. २०१७ च्या 'हिस्टरी' मालिकेच्या पहिल्या संचात तीन गोष्टी होत्या आणि त्यांतल्या दोन अद्भुताच्या. एकीत चुकून मेलेल्या मुलीचा आत्मा एका मुलाच्या शरीरात जातो आणि तिला तिच्या प्रियकरापर्यंत त्याच रूपात पोहोचायचे असते. दुसरीत मेलेला तरुण काही वर्षे मागच्या काळात जागा होतो. २०२३ मध्ये प्रदर्शित झालेला 'मॅरी माय डेड बॉडी' हा चित्रपट असल्याने या यादीत खरे तर बसत नाही, पण तो टाळणे अवघड. रस्त्यात पडलेले लाल पाकीट उचलले की एखाद्या मृताशी लग्न लागते, ही तैवानी लोकसमजूत. समलिंगींचा तिटकारा असलेला पोलीस ते पाकीट उचलतो आणि नवरा म्हणून त्याच्या वाट्याला एक मेलेला तरुण येतो. २४ मे २०१९ रोजी आशियात सर्वांत आधी समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या देशालाच असा विनोद परवडतो.

चीनमधली परिस्थिती नेमकी उलटी आहे, आणि म्हणून सर्वांत शिकण्यासारखी. तिथे दोन गोष्टी एकदम अडचणीच्या आहेत, पुरुषांचे प्रेम आणि खरे भूत. २०१६ मध्ये 'ॲडिक्टेड' ही मालिका शेवटचे भाग दाखवायच्या आधीच मंचांवरून काढली गेली. तेव्हापासून निर्मात्यांनी ऑनलाइन कादंबरी विकत घ्यायची, प्रेमाची मैत्री करायची आणि उरलेले नजरेवर सोडायचे, असा मार्ग काढला. 'गार्डियन' (२०१८) ज्या कादंबरीवरून झाली तिच्यात पाताळ, आत्मे आणि मृतांचा दूत आहे. मालिकेत पाताळाची जमिनीखालची वस्ती झाली, आत्म्यांचे परग्रहाशी नाते जोडले गेले आणि चमत्कारांना विज्ञानाची नावे मिळाली. 'द अनटेम्ड'च्या (२०१९, ५० भाग) मूळ कादंबरीत मंत्राने उठवलेली प्रेते आहेत. मालिकेत ती कळसूत्री बाहुली ठरली. वेई वूशियान आणि लान वांगजी यांचे प्रेम एका शिरोबंधात, एका बासरीच्या सुरात आणि सोळा वर्षांच्या वाट पाहण्यात दडवले. कादंबरी वाचलेला प्रेक्षक दोन्ही पातळ्यांवर वाचतो आणि न वाचलेल्यालाही काहीतरी कळतेच. बंधनाने इथे अभिनयाला धार आणली, हे मान्य करावे लागते. पण त्या बंधनाचे कौतुक करण्याचा मोह टाळावा. २०२१ मध्ये 'वर्ड ऑफ ऑनर' गाजली आणि त्याच सप्टेंबरमध्ये सरकारने अशा रूपांतरांवर जाहीर आक्षेप घेतला. चित्रीकरण पूर्ण झालेल्या महागड्या मालिका कपाटात पडून राहिल्या. २०२५ मध्ये 'रिव्हेंज्ड लव्ह' आली. 'ॲडिक्टेड' ज्यांच्या कादंबरीवर होती त्याच लेखिकेच्या कथेवरची ही मालिका परदेशी मंचांच्या आधाराने प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. चिनी मालिकेच्या वेळापत्रकावर म्हणूनच विसंबू नये. घोषणा झाली म्हणजे मालिका दिसेल असे नाही, आणि सुरू झाली म्हणजे संपेल असेही नाही.

जपानी अद्भुत घरगुती असते. 'चेरी मॅजिक' (२०२०) मध्ये तिशीपर्यंत कुणाशीही संबंध न आलेल्या आदाचीला वाढदिवसापासून स्पर्शाने मने वाचता येऊ लागतात. ऑफिसच्या गच्च भरलेल्या लिफ्टमध्ये तो सहकारी कुरोसावाला चिकटतो आणि ऑफिसातला हा सर्वांत देखणा माणूस मनातल्या मनात त्याच्यावर जीव टाकत असल्याचे ऐकतो. यात ना भूत, ना शाप. ज्या समाजात मनातले बोलायचे नसते तिथे ते ऐकू येऊ लागणे, एवढाच चमत्कार. मालिकेचे मोठेपण असे की ही शक्ती वापरणे योग्य आहे का, हा प्रश्न ती विसरत नाही. २०२३ च्या डिसेंबरात तिची थाय आवृत्ती सुरू झाली. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या तर जपानी संकोच आणि थाय मोकळेपणा यांतला फरक लगेच जाणवतो. कोरियाने या दालनात फार भर घातलेली नाही. जग फक्त करड्या छटांत दिसणाऱ्या मुलाला एका विशिष्ट व्यक्तीला पाहताच रंग दिसू लागतात, ही 'कलर रश'ची कल्पना सुंदर असली, तरी छोट्या भागांत तिचा जीव घुसमटतो.

या प्रकाराच्या दोषांकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. सुरुवातीच्या अनेक थाय मालिकांत जबरदस्तीला प्रेमाचे रूप दिलेले आहे, बायका केवळ कटकट करायला आहेत, आणि 'मी समलिंगी नाही, फक्त याच्यावर प्रेम करतो' हा संवाद पुन्हा पुन्हा येतो. 'बॅड बडी'ने यातल्या बऱ्याच खोडी जाणूनबुजून उलटवल्या. अद्भुताच्या मालिकांना आणखी एक रोग आहे, नियम पाळायचा नाही. पहिल्या भागात भुताचा हात भिंतीतून आरपार जातो आणि सहाव्या भागात तोच हात कपाळावरचे केस सारतो. प्रेमासाठी प्रेक्षक हे माफ करतात. समीक्षकाने करू नये. २०२२ च्या 'गॅप' मालिकेनंतर मुलींच्या जोड्यांच्या थाय मालिका वेगाने वाढल्या आहेत आणि भुतेखेते त्यांच्यातही शिरली आहेत. तो विषय स्वतंत्र प्रस्तावनेचा आहे.

नव्या प्रेक्षकाने एकदम पाच चालू मालिका धरू नयेत. आधी 'चेरी मॅजिक' आणि 'हीज कमिंग टू मी' या दोन संपलेल्या, छोट्या मालिका पाहाव्यात, मग 'द साइन' घ्यावी. त्यानंतर चालू हंगामातली एकच मालिका निवडावी, ती कायदेशीर मंचावर पाहावी, चौथ्या भागापर्यंत तिला संधी द्यावी आणि तरीही ती पकड घेत नसेल, तर निःसंकोच सोडून द्यावी.